लहान कारखान्यात डिजिटल यंत्रणा बसते, पण रुजत का नाही?

यंत्रशाळा

नमस्कार. चाकण, भोसरी, तळवडे, रांजणगाव या पट्ट्यात वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणारे जे लहान-मध्यम कारखाने आहेत, त्यांच्यात उत्पादन नियोजनाच्या कामात मी बरीच वर्षे आहे. अलीकडे यांपैकी अनेकांनी यंत्रांना सेन्सर लावले, शॉपफ्लोअरवर मोठे पडदे टांगले, मालकाच्या मोबाइलवर आकडे दिसण्याची सोय केली. वर्षभराने तिथे गेले की पडदा चालू असतो आणि आकडेही येत असतात, मात्र सकाळच्या बैठकीत सुपरवायझरच्या वहीतलेच आकडे वाचले जातात. असे का होते याबद्दल माझे एक मत बनले आहे. ते सविस्तर मांडतो, आणि ज्यांचा या कामाशी प्रत्यक्ष संबंध आहे त्यांनी आपले अनुभव लिहावेत अशी विनंती करतो.

यंत्रे, सेन्सर आणि संगणक जोडून उत्पादन चालवण्याच्या या पद्धतीचे ‘इंडस्ट्री ४.०’ हे नाव २०११ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात जाहीरपणे पुढे आले. २०१५ च्या फेब्रुवारीत चाकणला जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीच्या कारखान्याचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा यंत्रे आणि संगणक यांची सांगड घालणारा कारखाना कसा असतो याची पुण्यात बरीच चर्चा झाली होती. पुढे केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग भारत ४.०’ या उपक्रमातून पुण्यातच सीफोरआयफोर ही प्रयोगशाळा उभी राहिली. तेव्हा या भागात माहितीची किंवा प्रात्यक्षिकांची वानवा आहे, असे म्हणता येणार नाही. भांडवलाची अडचण खरी आहे. तरीही अगदी स्वस्त यंत्रणा बसवलेल्या ठिकाणीसुद्धा ती टिकत नाही असे दिसते, म्हणून केवळ पैशाकडे बोट दाखवून मला समाधान होत नाही.

अगदी साधी यंत्रणा घेऊ. सीएनसी यंत्राच्या (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या यंत्राच्या) मुख्य केबलवर एक करंट ट्रान्सफॉर्मर (वीजप्रवाह मोजणारे साधन) बसवला की विजेच्या ओढीवरून तीन अवस्था वेगळ्या ओळखता येतात: यंत्र बंद आहे, यंत्र चालू आहे पण कटिंग होत नाही, आणि प्रत्यक्ष कटिंग चालू आहे. यासाठी कंट्रोलरला हात लावावा लागत नाही, वीस वर्षे जुन्या यंत्रावरही हे चालते, आणि खर्च एका मध्यम टूलहोल्डरच्या (कापण्याचे हत्यार धरणाऱ्या भागाच्या) किमतीच्या आसपास येतो. पहिल्या आठवड्यातच मालकाच्या लक्षात येते की त्याचा अंदाज आणि मोजलेला वेळ यांत मोठी तफावत आहे. इथपर्यंत सगळे ठीक चालते.

पुढचा प्रश्न असतो यंत्र का थांबले हा, आणि त्याचे उत्तर सेन्सर देऊ शकत नाही. म्हणून ऑपरेटरसमोर एक यादी ठेवली जाते: सेटिंग (नव्या कामासाठी यंत्राची जुळवणी), टूल बदल, माल नाही, इन्स्पेक्शनची वाट, क्रेनची वाट, ब्रेकडाउन, इतर. काही आठवड्यांत यातील ‘इतर’ सर्वांत मोठे होते. सल्लागार सांगतात की ऑपरेटरला प्रशिक्षण कमी पडले. मला ते पटत नाही, कारण यादीतले प्रत्येक कारण कोणाच्या तरी नावावर जमा होणार आहे हे ऑपरेटरला नीट कळलेले असते. ‘माल नाही’ म्हटले की स्टोअरच्या माणसाकडे बोट जाते आणि ‘इन्स्पेक्शनची वाट’ म्हटले की क्वालिटीच्या साहेबांकडे. ही माणसे त्याच्याहून वरच्या जागेवर आहेत आणि त्यांच्याशी त्याला रोज काम पडते. ‘सेटिंग’ म्हणावे तर दोष त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या सेटरवर येतो. अशा स्थितीत ‘इतर’चे बटण दाबणे हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग ठरतो, आणि मालकाच्या हाती जो आलेख पडतो त्यावर कोणतीही कारवाई करता येत नाही.

दुसरी अडचण आकड्याच्या निवडीत आहे. यंत्राची एकूण परिणामकारकता ज्या आकड्याने मोजतात तो ओईई म्हणजे उपलब्धता, गती आणि गुणवत्ता या तीन प्रमाणांचा गुणाकार. ९० टक्के, ९५ टक्के आणि ९९.९ टक्के यांचा गुणाकार सुमारे ८५ येतो आणि हाच आकडा जागतिक दर्जा म्हणून सर्वत्र सांगितला जातो. एकच भाग महिनोन्महिने चालवणाऱ्या लाइनसाठी तो योग्य असेल. ज्या कारखान्यात एका यंत्रावर दिवसात तीन-चार वेगवेगळे जॉब लागतात, तिथे सेटिंगचा वेळ हा धंद्याचाच भाग आहे. तिथे पडदा रोज लाल दिसतो, आणि रोज लाल दिसणाऱ्या गोष्टीकडे माणसे पाहायचे थांबतात.

तिसरी अडचण अधिकाराची. पन्नास-साठ माणसांच्या कारखान्यात खरेदी, ग्राहक, बँक, कामगार आणि ब्रेकडाउन हे सगळे मालकच पाहत असतो. आकडे पाहून दुसऱ्या दिवशीच्या कामात बदल करण्याचा अधिकार त्याच्याखेरीज कोणालाच नसतो, आणि त्याला वेळ नसतो. यंत्रणा कोणती घ्यावी याची चर्चा महिनोन्महिने चालते, पण तिच्यातून आलेल्या आकड्यावर रोज अर्धा तास कोण बसणार आणि त्याला काय बदलण्याची मुभा असणार, हे ठरवल्याचे मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. माझ्या मते यंत्रणा रुजली की नाही हे एकाच गोष्टीवरून ओळखावे: तिच्या आकड्यामुळे गेल्या आठवड्यात कारखान्यात काही बदलले का?

शिरोली फाटा

विषय चांगला मांडला आहे. मी कोल्हापूरच्या फाउंड्री (धातूच्या ओतकामाच्या) क्षेत्रातला आहे आणि आमच्याकडची अडचण थोडी वेगळी आहे, म्हणून लिहितो.

मशीन शॉपमध्ये यंत्र चालू की बंद हा मुख्य प्रश्न असतो. ओतकामात यंत्रे चालूच असतात, प्रश्न आतल्या प्रक्रियेचा असतो. साच्यासाठीच्या ओलसर वाळूतील (तिला ‘हिरवी वाळू’ म्हणतात) ओलावा साधारण तीन ते चार टक्क्यांच्या दरम्यान लागतो. तो थोडा वाढला की ब्लोहोल (ओतलेल्या भागात वायूच्या पोकळ्या) येतात, कमी झाला की साच्याच्या कडा ढासळतात. वाळू परत-परत वापरली जाते, तिचे तापमान दिवसभर चढत जाते आणि पावसाळ्यात नव्या वाळूचा ओलावा वेगळाच असतो. त्यात लोखंडाची रचना, कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बन आणि सिलिकॉन यांचे एकत्रित मोजमाप), ओतण्याचे तापमान, एका लॅडलमधून (वितळलेले लोखंड ओतण्याच्या भांड्यातून) पहिला साचा भरल्यापासून शेवटचा भरेपर्यंत गेलेला वेळ हे सगळे मिसळते. एखादे कास्टिंग (ओतलेला भाग) रिजेक्ट झाले तर यांपैकी नेमके कशामुळे, हे सांगण्यासाठी सगळ्या नोंदी त्या एका कास्टिंगशी जोडलेल्या असाव्या लागतात. खरी अडचण तिथे आहे.

कास्टिंगवर हीट नंबर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या लोखंडाचा क्रमांक) असतो, पण एका हीटमधून कितीतरी साचे भरले जातात आणि शेकआउटनंतर (साचा फोडून भाग बाहेर काढल्यावर) सगळा माल एकत्र होतो. फेटलिंगसाठी (जादा धातू काढून साफ करण्यासाठी) तो बऱ्याचदा बाहेरच्या जॉबवर्कवाल्याकडे जातो, तिथून मशीन शॉपकडे. आतला ब्लोहोल दिसतो तो मशीनिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या ऑपरेशनला, म्हणजे ओतल्यानंतर पंधरवड्याने किंवा महिन्याने, आणि तोही दुसऱ्याच मालकाच्या शेडमध्ये. ती माहिती आमच्याकडे परत येते ती डेबिट नोटच्या (बिलातून रक्कम कापल्याच्या चिठ्ठीच्या) रूपाने: इतके नग, इतके किलो, कारण ‘कास्टिंग डिफेक्ट’. दोष कोणत्या जागी, किती खोलीवर, कोणत्या तारखेच्या मालात, यातले काहीच त्यात नसते. आमच्या वाळूच्या प्लांटला कितीही सेन्सर लावले तरी त्या आकड्यांना जोडायला दुसऱ्या टोकाची माहिती नसेल तर विश्लेषण कशाचे करायचे? सॉफ्टवेअर विकायला येणारे सगळे ‘आपल्या कारखान्याचा’ विचार करतात. प्रत्यक्षात एक कास्टिंग तयार होते ते तीन-चार कारखाने मिळून.

सेन्सरच्या आयुष्याबद्दलही लिहायला हवे. धूळ, उष्णता आणि व्हायब्रेशन यांत चांगल्या प्रतीचा प्रोबसुद्धा नियमित साफ केला नाही तर चुकीचे वाचन देऊ लागतो, आणि बंद पडलेल्या सेन्सरपेक्षा चुकीचे वाचणारा सेन्सर जास्त नुकसान करतो. सँड लॅबमधील माणूस मूठभर वाळू दाबून, मोडून पाहतो आणि ओलावा सांगतो. त्याच्या अंदाजाशी सेन्सर जुळला नाही की शॉपमधील सगळे त्या माणसावर विश्वास ठेवतात, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा तेच बरोबर असते.

आमच्याकडे जे टिकले तेही सांगतो, कारण त्यातून आपल्या मुद्द्याला दुजोरा मिळतो. कास्टिंग सिम्युलेशन, म्हणजे ओतकाम आधी संगणकावर करून पाहणे, टिकले. आयआयटी मुंबईत प्राध्यापक बी. रवी यांच्या पुढाकाराने तयार झालेले ऑटोकास्ट असो किंवा परदेशी सॉफ्टवेअर असो, नवीन पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करण्याआधी रायझर आणि गेटिंग (साच्याला धातू पुरवणारे साठे आणि वाटा) पडद्यावर तपासले की चाचणीचे ओतकाम वाचते, आणि ते पाहणारा मेथड्सचा (ओतण्याची पद्धत ठरवणारा) माणूस स्वतःच निर्णय घेणारा असतो. दुसरे टिकले ते भट्टीचे वीजमापन. उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच पद्धतीने (पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या विजेवर) बिल येऊ लागल्यापासून पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारे प्रमाण) आणि मॅक्सिमम डिमांड (कमाल वीजमागणी) यांच्याकडे दुर्लक्ष करणे परवडत नाही. इंडक्शन भट्टीवरच्या माणसाला डिमांडचा आकडा समोर दिसतो, तो पॉवर कमी-जास्त करतो, आणि महिन्याच्या बिलात फरक दिसतो. आकडा, माणूस आणि अधिकार एकाच जागी आहेत.

तिसरी पाळी

मी व्हीएमसीवर (मिलिंगच्या सीएनसी यंत्रावर) सेटर आहे. इथे बहुतेक जण व्यवस्थापनाच्या बाजूने लिहितात, म्हणून कामगारांच्या बाजूने लिहिणे मला आवश्यक वाटते.

पडदा लागला त्या दिवशी आम्हाला कोणीही सांगितले नाही की तो कशासाठी आहे. अमक्याचे यंत्र किती वेळ बंद होते ते त्याच्या नावासह सगळ्यांसमोर दिसू लागले. जे कंत्राटी पद्धतीने कामाला आहेत, ज्यांची नेमणूक काही महिन्यांपुरती आहे, त्यांच्या मनात पहिला विचार हाच आला की पुढच्या वेळी कोणाला कमी करायचे ते यावरून ठरणार. असा विचार मनात असताना कोणी खरे कारण नोंदवील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

दुसरे, यादी इंग्रजीत होती. आमच्या पाळीत मराठवाड्यातील, विदर्भातील, बिहारमधील आणि ओडिशातील मुले आहेत. इंग्रजी वाचता येत नाही असे नाही, पण कूलंटने ओले झालेले हात, हातमोजे आणि बोटाला दाद न देणारा पडदा यांच्यापुढे उभे राहून बारा ओळी वाचत बसायला जॉब थांबत नाही. चार मोठी बटणे, चार रंग आणि मराठी-हिंदीत नावे असती तर आम्ही ती दाबली असती.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बटण दाबल्यावर कोणीतरी यायला हवे. टोयोटाच्या कारखान्यात कामगार अडचणीच्या वेळी मदतीची दोरी ओढतो तेव्हा त्याचा टीम लीडर लगेच त्याच्याजवळ येतो, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले गेले. इथे ‘इन्स्पेक्शनची वाट’ हे बटण दाबले तरी इन्स्पेक्टर तेव्हाच येतो जेव्हा त्याला यायचे असते. बटण दाबूनही वाट तितकीच पाहायची असेल तर ते का दाबावे? ज्या दिवशी ते दाबल्यावर माणूस येऊ लागेल, त्या दिवशी आम्हाला आठवण करून द्यावी लागणार नाही.

यंत्रशाळा

आपल्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. बटण दाबल्यावर माणूस आला पाहिजे ही अट मी यापुढे प्रत्येक ठिकाणी पहिली म्हणून मांडणार आहे. नावासह आकडे लावण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. आकडा यंत्राचा आणि जॉबचा असावा, माणसाचा नसावा.

शिरोली फाटा, डेबिट नोटबद्दल आपण लिहिले ते मशीन शॉपच्या बाजूनेही तितकेच खरे आहे. दोषाची जागा आणि खोली नोंदवायला कोणाची ना नसते, पण ती नोंद फाउंड्रीला पाठवली की वाद सुरू होईल आणि माल अडेल, या भीतीने क्वालिटीची माणसे मोघम लिहितात.

नियंत्रक

मी कंट्रोल आणि ऑटोमेशनचे काम करतो. धाग्यात माणसांबद्दल जे लिहिले गेले ते योग्यच आहे, पण तांत्रिक अडचणी संपल्या आहेत असा समज होऊ नये म्हणून लिहितो.

लहान कारखान्यातील यंत्रे एका वेळी घेतलेली नसतात. एक यंत्र नवे, दोन जुनी, एक लिलावात घेतलेले, एक परदेशातून वापरून आलेले. काहींमध्ये प्रोग्रॅम चढवण्यासाठी फक्त आरएस-२३२ हा जुन्या पद्धतीचा पोर्ट असतो. फानुक कंपनीच्या कंट्रोलरमधून (यंत्र चालवणाऱ्या संगणकातून) इथरनेटवर माहिती घ्यायला फोकास ही सोय आहे, पण ज्या यंत्रावर तो पर्याय खरेदीच्या वेळी घेतलेला नाही तिथे तो नंतर पैसे देऊन घ्यावा लागतो. मीटर आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे साधन) मॉडबस या संदेश-पद्धतीत बोलतात. मॉडबस १९७९ मधला आहे आणि आजही सर्वांत भरवशाचा आहे, हे मी आनंदाने सांगतो. ओपीसी यूए सारखे समान मानक नव्या यंत्रांमध्ये येत आहे, मात्र शेडमध्ये उभी असलेली यंत्रे आणखी पंधरा वर्षे उभीच राहणार आहेत.

याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे कुलूपबंद पीएलसी (यंत्राचे नियंत्रण करणारा छोटा संगणक). विशेष यंत्र बनवणारा पुरवठादार प्रोग्रॅमला पासवर्ड घालतो, कागदपत्रे देत नाही, आणि काही वर्षांनी एक सिग्नल बाहेर काढायचा म्हटले तरी त्यालाच बोलवावे लागते. एका ठिकाणी तर पुरवठादाराचा व्यवसायच बंद झाला होता आणि यंत्र धडधाकट असूनही त्यातील सायकल काउंट बाहेर काढता आला नाही. शेवटी बाहेरून एक प्रॉक्झिमिटी सेन्सर लावून दरवाजा किती वेळा उघडतो ते मोजावे लागले.

आता प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्सबद्दल. स्पिंडलच्या (यंत्राच्या फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगचे व्हायब्रेशन मोजून बिघाडाचा आधीच अंदाज घेता येतो हे शास्त्रीयदृष्ट्या खरे आहे. मात्र संगणकाला ‘बिघाड असा दिसतो’ हे शिकवण्यासाठी बिघाडांची पुरेशी उदाहरणे लागतात. शंभर सारखी यंत्रे असलेल्या मोठ्या कारखान्यात ती मिळतात. पाच कंपन्यांची बारा यंत्रे असलेल्या शेडमध्ये एका प्रकारचे बेअरिंग कित्येक वर्षांत एखाद्या वेळी जाते, त्यामुळे एका उदाहरणावरून कोणतेही मॉडेल शिकणार नाही. अशा ठिकाणी व्हायब्रेशनची ठरावीक मर्यादा, तेलाची नियमित तपासणी आणि मेंटेनन्सच्या माणसाचे कान यांवर खर्च करावा, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूवर तूर्त करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरक्षेचा विषय अजून कोणी काढला नाही. शॉपफ्लोअरवरचे अनेक संगणक आजही विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ वर चालतात. पहिल्याचा आधार (कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या) एप्रिल २०१४ मध्ये आणि दुसऱ्याचा जानेवारी २०२० मध्ये संपला. ते बदलता येत नाहीत, कारण यंत्राचे सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालत नाही. जोपर्यंत ते जाळ्याबाहेर होते तोपर्यंत धोका मर्यादित होता. ‘सगळे जोडा’ या घोषणेखाली ते त्याच वायफायवर येतात ज्यावर पाहुण्यांचे मोबाइल असतात. जून २०१७ च्या नॉटपेट्या या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाजवाहतूक समूहाकडून चालवले जाणारे न्हावा-शेवा बंदरातील टर्मिनल ठप्प झाले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरचे उत्पादन सायबर हल्ल्यामुळे सुमारे पाच आठवडे बंद राहिले आणि ब्रिटिश सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली, कारण पुरवठादार अडचणीत आले होते. मोठी कंपनी यातून सावरते. एकाच ग्राहकावर चालणाऱ्या पुरवठादाराला पाच आठवडे काम नसेल तर त्याने पगार कुठून द्यायचे?

जमाखर्च

मी लहान उद्योगांचे हिशेब आणि कर्जप्रस्ताव पाहतो. दोन मुद्दे मांडतो.

बँक यंत्रावर कर्ज देते, कारण यंत्र तारण म्हणून दिसते आणि वेळ आली तर विकता येते. सॉफ्टवेअरचे मासिक शुल्क, सेन्सर बसवण्याची मजुरी आणि प्रशिक्षण यांना तारणमूल्य नाही. त्यामुळे हा सगळा खर्च खेळत्या भांडवलातून करावा लागतो, आणि तेच आधीच ग्राहकाकडे अडकलेले असते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत, म्हणजे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात त्या खर्चाची वजावट मिळणार नाही, अशी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तिचा काही ठिकाणी उपयोग झाला. मध्यम उद्योग मात्र तिच्या कक्षेत येत नाहीत.

दुसरा मुद्दा मालक उघडपणे बोलत नाहीत, पण माझ्यासमोर प्रत्येक जण बोलतो. मोठा ग्राहक दरवर्षी दर कमी करून मागतो. पुरवठादाराच्या यंत्राचा खरा सायकल टाइम (एक नग बनवायला लागणारा वेळ) आणि खरा रिजेक्शन दर ग्राहकाच्या पोर्टलवर दिसू लागला, तर सुधारणा करून वाचवलेला प्रत्येक सेकंद पुढच्या वाटाघाटीत कापून घेतला जाईल, ही भीती अवाजवी नाही. तिसरी पाळी यांनी कामगाराच्या मनातली जी भीती सांगितली, तीच मालकाच्या मनात ग्राहकाविषयी असते. ऑपरेटर सुपरवायझरपासून लपवतो, मालक ग्राहकापासून लपवतो, आणि दोघांनाही लपवण्याचे सबळ कारण असते. ही साखळी वरून सोडवावी लागेल. काही वर्षांपर्यंत बचतीचा निम्मा वाटा पुरवठादाराकडेच राहील असे ग्राहकाने लेखी मान्य केले तर पुरवठादार स्वतःहून आकडे दाखवतील.

लहान उद्योग बदलाला तयारच नसतात, हे मात्र मला मान्य नाही. जीएसटीचे ई-इनव्हॉइस १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना लागू झाले आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ते ५ कोटींपर्यंत खाली आले. भोसरीतल्या त्या मर्यादेत येणाऱ्या लहान शेडनीही ते आत्मसात केले. सगळ्यांसाठी एकच नमुना होता, नोंदणीचे पोर्टल विनाशुल्क होते, आणि त्याशिवाय ग्राहकाला भरलेल्या कराची जमा (इनपुट टॅक्स क्रेडिट) मिळत नव्हती. शॉपफ्लोअरच्या माहितीला असा एकही समान नमुना नाही. तीन ग्राहकांची तीन पोर्टल असतात आणि तीच माहिती एक मुलगी तीनदा भरत बसते.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टजवळ एका यंत्रनिर्मात्या कंपनीत काम करतो. इथल्या मध्यम आकाराच्या कौटुंबिक कारखान्यांतही जुनी यंत्रे, वहीतल्या नोंदी आणि वेळ नसलेले मालक आहेत, हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. दोन गोष्टी मात्र इथे कायद्याने वेगळ्या आहेत.

कामगारांच्या वर्तनावर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवू शकेल असे कोणतेही तांत्रिक साधन बसवण्यापूर्वी, जिथे कामगार परिषद (कामगारांनी निवडलेले मंडळ) आहे तिथे तिची संमती लागते. ही तरतूद जर्मनीच्या कारखाना-संघटन कायद्याच्या ८७ व्या कलमात आहे. सुरुवातीला मला ती अडथळा वाटत असे. प्रत्यक्षात वाटाघाटीच्या टेबलावरच ठरते की कोणता आकडा कोण पाहील, किती दिवस साठवला जाईल आणि तो शिस्तभंगासाठी वापरता येणार नाही. त्यामुळे यंत्रणा सुरू व्हायला वेळ लागतो, पण सुरू झाल्यावर कामगार तिच्यात खरी नोंद करतात. आपल्याकडे कायद्याची वाट न पाहता मालक हे एका पानावर लिहून सूचनाफलकावर लावू शकतो.

दुसरी गोष्ट नियंत्रक यांच्या कुलूपबंद पीएलसीबद्दल. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. जोडलेल्या यंत्राच्या वापरातून निर्माण होणारी माहिती यंत्र वापरणाऱ्याला उपलब्ध करून देणे त्याने निर्मात्यावर बंधनकारक केले आहे. आमच्या कंपनीत यावर बरेच काम झाले. भारतात यंत्र विकताना हा हक्क आपोआप मिळत नाही, पण खरेदीदाराने करारात मागितला तर नाकारणे आता निर्मात्याला पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही, कारण ती सोय त्याने युरोपसाठी तयार केलेलीच असते.

तंत्रज्ञान पूर्ण आणि पैसा भरपूर असूनही काय होते याचे उदाहरण म्हणून आदिदासचे पाहावे. आन्सबाख आणि अटलांटा येथे त्यांनी बूट बनवणारे स्वयंचलित कारखाने उभारले आणि ते बंद करत असल्याचे नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केले. ते तंत्र त्यांनी आशियातील पुरवठादारांकडे वापरायचे ठरवले, कारण बूट बनवण्याचे बाकीचे सगळे ज्ञान आणि माणसे तिथेच होती.

नवी शेड

धागा फार उपयुक्त आहे. आम्ही वाळूजला टर्निंग आणि मिलिंगचा छोटा व्यवसाय चालवतो. पुढच्या महिन्यात दोन यंत्रांची ऑर्डर देत आहोत आणि एक सॉफ्टवेअर कंपनीही मागे लागली आहे. यंत्राच्या करारात काय लिहून घ्यावे आणि सॉफ्टवेअर घ्यावे की थांबावे, याबद्दल मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

नियंत्रक

यंत्राच्या ऑर्डरमध्ये इथरनेटवरून माहिती वाचण्याचा पर्याय किमतीतच धरून घ्या, कारण ऑर्डरपूर्वी तो थोड्या पैशांत किंवा विनामूल्य मिळतो. पीएलसी प्रोग्रॅमची प्रत, अलार्मची यादी आणि सिग्नलचे पत्ते कागदावर मागा, आणि ते मिळेपर्यंत शेवटचा हप्ता रोखून ठेवण्याची अट घाला. यंत्रांचे जाळे ऑफिसच्या आणि पाहुण्यांच्या जाळ्यापासून पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. दूरवरून दुरुस्तीसाठी पुरवठादाराला दिलेला प्रवेश काम झाले की बंद करण्याची जबाबदारी आपल्याच एका माणसावर नावानिशी सोपवा. प्रत्येक यंत्राच्या प्रोग्रॅमची आणि पॅरामीटरची एक प्रत जाळ्याबाहेरच्या डिस्कवर ठेवा.

सॉफ्टवेअर कंपनीला एकच विचारा: करार संपल्यावर आमची सगळी माहिती साध्या फाइलमध्ये किती दिवसांत मिळेल? उत्तर लेखी मिळत नसेल तर थांबा.

यंत्रशाळा

नियंत्रक यांच्या सूचनांना माझी फक्त एक जोड. दोन्ही यंत्रे आल्यावर पहिले दोन-तीन महिने केवळ चालू-बंद-कटिंग एवढेच मोजा आणि कारणे फळ्यावर खडूने लिहा, ऑपरेटरच्या शब्दांत. त्यातून तुमच्या शेडची स्वतःची कारणांची यादी तयार होईल, आणि तीच पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये घाला. फळ्यावरचे एक कारण दर आठवड्याला निवडून ते दूर करण्यासाठी कोणाला काय खर्च करण्याची मुभा आहे, हे आधीच ठरवून ठेवा. एवढ्या रकमेपर्यंत सुपरवायझर न विचारता खर्च करू शकतो, असे सांगितले तर बरीच कारणे तुमच्यापर्यंत यायच्या आधीच मिटतील. सॉफ्टवेअर कंपनीला तोपर्यंत थांबायला सांगण्यात काही नुकसान नाही.